रुंद पडदा म्हणजे मोठा पडदा नव्हे

घरच्या डेस्कटॉपसाठी मॉनिटर घेताना ‘इंच तेवढेच असले तरी रुंद पडद्यावर जास्त मावते’ असे ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत आजही खात्रीने सांगितले जाते; हा समज चुकीचा आहे. मॉनिटरचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, आणि कर्ण तोच ठेवून आकार जितका लांबट करावा तितके क्षेत्रफळ घटते. जुन्या ५:४ प्रमाणाच्या (रुंदी ५ तर उंची ४) १९ इंची पडद्याची उंची सुमारे ११.९ इंच व क्षेत्रफळ १७६ चौरस इंच भरते, तर १६:९ प्रमाणाच्या १९ इंची पडद्याची उंची जेमतेम ९.३ इंच व क्षेत्रफळ १५४ चौरस इंच असते. पिक्सेलही कमी: १२८० × १०२४ म्हणजे १३ लाखांहून अधिक, तर १३६६ × ७६८ म्हणजे साडेदहा लाखांच्या आत.

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब मी दोन्हींवर केले आहेत, आणि लहान रुंद पडद्यावर पान सतत वरखाली सरकवत बेरजा ताडून पाहणे किती कष्टाचे होते, हे अनुभवाने सांगतो.

तरीही रुंद पडदा टाळावा, असे मी म्हणणार नाही. २४ इंची १६:९ पडद्याची उंची सुमारे ११.८ इंच, म्हणजे जुन्या १९ इंचीएवढीच असते, आणि १९२० पिक्सेलच्या रुंदीत दोन पाने शेजारीशेजारी नीट वाचता येतात. १९२० × १२०० चा, म्हणजे १६:१० प्रमाणाचा मॉनिटर मिळाला, तर लिखाणासाठी तो अधिक सोयीचा.