ट्रिगर आणि एआय स्क्रिप्ट: खांदेरीसमोर जहाजं का थबकतात

'एज ऑफ एम्पायर्स २' या संगणकावरच्या युद्धखेळात खांदेरीचा वेढा रचायची हौस रत्नागिरीपासून अलिबागपर्यंत बऱ्याच पोरांना आहे. प्रसंग आहेच तसा: १६७९ साल, महाराजांची माणसं बेटावर तटबंदी बांधतायत, मुंबईकर इंग्रज जहाजं आडवी घालतायत, पुढे सिद्दीचं आरमारही येऊन मिळतं. नकाशा झकास होतो. पण खेळायला बसलं की इंग्रजांची जहाजं पुढे सरकतात, थबकतात, माघारी फिरतात. मग ठरलेला प्रश्न येतो: 'ट्रिगर बरोबर आहे, तरी एआय ऐकत का नाही?' एआय म्हणजे संगणकाच्या बाजूने खेळणारा खेळाडू.

ट्रिगर, म्हणजे नकाशा रचतानाच बसवलेले हुकूम, तुम्हाला येतात; त्यावर वेळ घालवत नाही. अट पुरी झाली, परिणाम घडला, विषय संपला. एआयने कसं खेळायचं त्याचे नियम म्हणजे स्क्रिप्ट; तिच्या फाइलींचंही किरकोळ आहे: .एआय आणि .पर या दोन्ही फाइलींना एकच नाव द्या, नियम .परमध्ये लिहा, पहिली रिकामी राहिली तरी चालतं.

खरी गोम पुढे आहे. ट्रिगर जहाजाला हुकूम देतो, पण ते जहाज ज्या खेळाडूचं, त्याचा एआय त्यावर आपलाच हक्क समजतो. तुम्ही ते खांदेरीकडे पाठवलंत, तरी एआय त्याला दुसऱ्याच कामाला जुंपू शकतो. तुमचा हुकूम कुठून आला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

स्क्रिप्टमधला नियम मात्र हुकूम नव्हेच. तो मासेमारीबंदीसारखा असतो. १ जूनला लागू झाली की ३१ जुलैपर्यंत रोज कोणी बंदरावर येऊन ओरडून सांगत नाही. खेळ चालू असेपर्यंत एआय सगळे नियम वरून खाली पुन्हा पुन्हा वाचतो आणि ज्याची अट त्या घडीला खरी, तो अमलात आणतो.

म्हणून 'वॉरबोट-काउंट (लढाऊ जहाजांची संख्या) १२ किंवा जास्त झाला की अटॅक-नाऊ (चढाई कर)' एवढंच लिहून सोडलं तर घोळ होतो. बारा जहाजं झाली, आरमार निघालं, ठीक. पण बारा शाबूत आहेत तोवर अट खरीच आहे. गोदीतून तेरावं बाहेर पडलं की तेही एकटंच सुटतं, मग चौदावं, आणि बेटावरचे बॉम्बार्ड टॉवर एकेकाला निवांत बुडवतात. नियमाच्या शेवटी डिसेबल-सेल्फ लिहिलंत, म्हणजे एकदा चालला की नियम स्वतःच बंद, तर चढाई एकदाच होईल. वारंवार हवी असेल तर टायमर लावा: चढाई झाली की दहा मिनिटांचा टायमर सुरू, तो संपेपर्यंत नवी जहाजं बंदरात जमतील. त्यातली किती चढाईला न्यायची, ते एसएन-पर्सेंट-अटॅक-बोट्सच्या आकड्याने ठरवा.

एवढं करायचा कंटाळा, म्हणून लोक दर पाच सेकंदांनी तोच हुकूम देणारा लूपिंग ट्रिगर लावतात. माझ्या मते याहून भिकार उपाय नाही. दर हुकमाला चालू काम तुटतं. जहाज नेम धरतं न धरतं तोच पुन्हा वळतं. आणि कृपा करून काठिण्यपातळी 'एक्स्ट्रीम' करून बघू नका. नियम चुकीचा असेल तर तो तिथेही चुकीचाच.

माझा दंडक साधा आहे: कोण कधी येणार ते ट्रिगरने, आल्यावर काय करणार ते स्क्रिप्टने. सिद्दीचं आरमार विसाव्या मिनिटाला नकाशावर आणणं ट्रिगरचं काम. ते चढाई कधी करणार, हे ट्रिगरमध्ये कोंबू नका.

दोघांचं बोलणं जुळवता येतं. ट्रिगरमध्ये 'एआय स्क्रिप्ट गोल' हा परिणाम टाकला की स्क्रिप्टमधली इव्हेंट-डिटेक्टेड (निरोप मिळाला) ही अट खरी होते; उलट स्क्रिप्टने सेट-सिग्नल केलं, म्हणजे निरोप धाडला, की ट्रिगरची 'एआय सिग्नल' ही अट पुरी होते. पथ्य एकच: इव्हेंट वापरून झाला की त्याच नियमात ॲक्नॉलेज-इव्हेंट (निरोपाची पोच) लिहा. नाहीतर तो खरा तो खराच राहतो आणि नियम अखंड चालत बसतो.