पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी उतरते का?

रोज शंभर क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) मारले की पोट आत जातं, हा समज खोटा आहे. स्नायू आपल्या वरच्या थरातली चरबी थेट ओढून घेत नाही. व्यायामात ॲड्रेनॅलिन हे हार्मोन वाढतं, शरीरभरच्या चरबीपेशींतून फॅटी ॲसिड्स (चरबीचे सुटे घटक) रक्तात उतरतात आणि तिथून ती काम करणाऱ्या स्नायूला मिळतात. चरबी आधी कुठली उतरणार, हे आनुवंशिकता, लिंग आणि हार्मोन्स ठरवतात. १९७१ साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणारा हात जाड होता, पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्हीकडे जवळपास सारखीच!

एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात; शंभर क्रंचेसमध्ये त्यातला अगदी किरकोळ हिस्सा खर्च होतो. घाम आणणाऱ्या पट्ट्याने तर फक्त पाणी जातं, ते प्यायलं की परत येतं.

म्हणून क्रंचेस सोडू नका, ताकदीसाठी करा. गुडघे वाकवा, हनुवटी आणि छातीत मुठीएवढं अंतर ठेवा, श्वास सोडत फक्त खांदे उचला. बोटं डोक्यामागे गुंफली की मान ओढली जाते, दुखणं तिथूनच सुरू होतं.

पोट कमी करायचं तर आहारात रोज ३०० ते ५०० किलोकॅलरींची तूट, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस पाय-पाठ-छातीचे वजनी व्यायाम. प्रगती काट्यावर नको, दर दोन आठवड्यांनी सकाळी अनशापोटी टेपने कंबर मोजा.