सूचना मागवल्या म्हणजे सहभाग झाला का?

कुठल्याही शहराच्या कारभाराचा वार्षिक अहवाल उघडा. ‘नागरिक सहभाग’ या मथळ्याखाली बहुधा एकाच जातीचे आकडे असतात: सभा किती घेतल्या, लोक किती आले, सूचना किती मिळाल्या, ॲप किती जणांनी डाउनलोड केलं. आता त्याच सभांच्या इतिवृत्ताला जोडलेला सूचनांचा तक्ता काढा. अनुक्रमांक, नाव, सूचनेचा गोषवारा आणि शेवटी ‘शेरा’. त्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत दोनच शब्द उतरत गेलेले दिसतात, ‘नोंद घेतली’. मधेच चवीपुरतं एखादं ‘धोरणात्मक बाब असल्याने मान्य करता येत नाही’. अहवाल म्हणतो सहभाग झाला. तक्ता म्हणतो, विचारणा झाली.

या दोन गोष्टींची गल्लत होते, कारण लांबून त्या हुबेहूब सारख्या दिसतात. तेच सभागृह, तोच माइक, दारात तोच सही करायचा कागद. फरक आहे तो लेखणी कुणाच्या हातात राहते याचा. सूचना मागवताना मसुदा प्रशासनाने केलेला असतो आणि शेवटचा हातही त्याचाच फिरतो. लोक फक्त समासात लिहितात. सहभागात निर्णयाचा काही ठरलेला हिस्सा, मग तो कितीही छोटा असो, लोकांशिवाय पुराच होऊ शकत नाही. म्हणून एक प्रश्न विचारून बघावा: त्या दिवशी सभेला एकही माणूस फिरकला नसता, तर काय झालं असतं? ‘मसुदा आहे तसा मंजूर झाला असता’ असं उत्तर आलं तर ती विचारणा. ‘निर्णय अडून राहिला असता’ असं आलं तर तो सहभाग.

हा भेद काही नवा नाही. अमेरिकेत शहरी वस्त्या सुधारण्याच्या सरकारी योजनेत नागरिक सहभागाच्या सल्लागार म्हणून काम केलेल्या शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली एका लेखात आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना गुंडाळणं किंवा त्यांची समजूत काढणं. मधल्या तीन म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि दोन-चार जणांना समितीवर घेऊन शांत करणं. या तिन्हींना त्यांनी सरळ दिखाऊ म्हटलं. वरच्या तीन पायऱ्यांवर खरी सत्ता: भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि पूर्ण नियंत्रण. मत विचारणं चौथ्या पायरीवर येतं. म्हणजे आज ज्याला सहभाग म्हणून मिरवलं जातं, त्यातलं बरंचसं त्या शिडीच्या अर्ध्यावरच थांबलेलं आहे.

मला मात्र ही शिडी एका बाबतीत खटकते. तिच्यामुळे विचारणा म्हणजे अर्धवट राहिलेला सहभाग, असा समज होतो. विचारणा ही स्वतंत्र गोष्ट आहे आणि ती प्रामाणिक आहे की नाही, हे तपासायची तिची स्वतःची कसोटी आहे. ती सगळ्यात नेमकेपणाने सापडते इंग्लंडच्या कोर्टात. लंडनच्या ब्रेंट भागातल्या शाळांबाबतच्या एका खटल्यात १९८५ साली चार अटी पुढे आल्या. प्रस्ताव अजून कच्चा असतानाच विचारायला हवं; लोकांना डोकं चालवून उत्तर देता येईल इतकी कारणं आणि माहिती द्यायला हवी; पुरेसा वेळ द्यायला हवा; आणि निर्णय घेताना आलेली उत्तरं खरोखर विचारात घ्यायला हवीत. पुढे २०१४ साली लंडनच्याच हॅरिंगे भागाच्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच अटी उचलून धरल्या. कौन्सिलने स्थानिक करातल्या सवलतीत कपात सुचवून लोकांचं मत मागवलं होतं, पण तूट भरून काढायचे दुसरे मार्गही होते आणि ते का नाकारले, हे कागदावर कुठेच नव्हतं. कोर्टाने ती विचारणा बेकायदा ठरवली. गंमत बघा, लोकांचं ऐकून कपात रद्द करायलाच हवी होती असं कोर्ट कुठेही म्हणालं नाही. विचारणा चोख झाल्यावरही ‘नाही’ म्हणायचा हक्क कौन्सिलकडे राहतोच. विचारणेचा करारच तेवढा असतो.

सहभागाचा करार कसा असतो, ते बघायला ब्राझीलमधल्या पोर्तु अलेग्रेला जावं लागतं. १९८९ साली वर्कर्स पार्टीचे ओलिव्हिओ दुत्रा महापौर झाले आणि शहराच्या भांडवली खर्चाचं अंदाजपत्रक वस्त्यांच्या सभांमधून तयार करायची पद्धत सुरू झाली. शहराचे १६ विभाग केले. प्रत्येक विभागाने आपला प्राधान्यक्रम लावायचा: गटार आधी, रस्ता आधी की शाळा आधी. मग पैसे कसे वाटले जायचे? त्याचं सूत्र आधीच जाहीर असे: विभागाची लोकसंख्या किती, त्या सोयीची तिथे कमतरता किती, आणि लोकांनी तिला कितवा क्रमांक दिला. तिन्हींना गुण, गुणांना वजन, बेरीज करा आणि रक्कम बघा. आपल्या विभागाला पलीकडच्या विभागापेक्षा कमी का मिळालं, याचं उत्तर कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन काढता येई.

त्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट हजेरीची. सभेला जितके लोक, त्या प्रमाणात त्या विभागाचे प्रतिनिधी पुढच्या टप्प्याला जात. म्हणजे सही करायच्या कागदाला इथे किंमत होती. शेजारणीला ओढून सभेला आणलं, तर आपल्या गल्लीतल्या गटाराची बाजू तेवढी भक्कम होत होती. पहिल्या वर्षी तुरळक दिसणारी गर्दी पुढच्या दशकात हजारोंच्या घरात गेली ती यामुळे. ‘जागरूक नागरिक व्हा’ असे फलक लावून ते होत नाही. ब्राझीलमधल्या ज्या शहरांनी ही पद्धत उचलली, त्यांनी सांडपाणी आणि आरोग्यावर अधिक खर्च केला आणि तिथे बालमृत्यू घटले, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

आता मोजमापाकडे. हजेरी हा वाईट आकडा नाही, पण तो एकटा असला की फसवतो. समजा, सभेला २०० जण आले. दोन तासांची सभा, त्यातला एक तास सादरीकरणात गेला. उरलेल्या तासात प्रत्येकी तीन मिनिटं दिली तर बोलणार २० जण. अहवालात मात्र २०० छापले जातात. ते २० कोण होते, हे तर छापलंच जात नाही.

आणि खरी मेख तिथेच आहे. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ९७ शहरं-गावांमधल्या बांधकाम परवानगीच्या सभांची इतिवृत्तं वाचून काढली. बोलणाऱ्यांची नावं मतदारयादीशी आणि मालमत्तेच्या नोंदींशी ताडून पाहिली. बोलणारे बाकीच्या रहिवाशांपेक्षा वयाने मोठे, जास्त करून पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक निघाले. नव्या घरांना त्यांचा विरोधही मोठा होता. जे त्या घरांत राहायला येणार होते ते साहजिकच सभेत नव्हते. ते अजून त्या गावात राहतच नव्हते. मग महामारीत सभा ऑनलाइन गेल्या. वाटलं होतं, आता पोरंबाळं सांभाळणारे, पाळीवर जाणारे लोकही बोलतील. त्याच संशोधकांनी पुन्हा मोजलं, तर बोलणाऱ्यांचं चित्र जवळपास तेच. दार रुंद केलं म्हणून आत येणारी माणसं बदलली नाहीत.

त्यामुळे विचारणा मोजायची असेल, तर मिळालेल्या सूचना किती यापेक्षा त्या कोणाकडून आल्या, किती सूचनांना कारणासह उत्तर गेलं आणि विचारणा सुरू झाली तेव्हा प्रस्ताव किती कच्चा होता, हे मोजावं. शेवटचं मोजायला सोपं आहे: निविदेची तारीख आणि विचारणेची तारीख शेजारी ठेवा. निविदा आधीची असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. सहभाग मोजायचा असेल तर आकडे निराळे: एकूण खर्चापैकी किती हिस्सा लोकांच्या निर्णयावर ठेवला, त्यांनी ठरवलेल्यापैकी किती कामं पुरी झाली आणि त्याला किती वर्षं लागली. पोलंडने २०१८ च्या कायद्याने यातला पहिला आकडा बांधूनच टाकला: मोठ्या शहरांनी खर्चाचा किमान ०.५ टक्का भाग नागरिकांच्या मतावर ठेवायचा. रक्कम किरकोळ वाटेल, पण ती ‘ऐच्छिक’ राहिली नाही.

तक्रार नोंदवण्याच्या हेल्पलाइनचे आकडेही याच यादीत घुसडले जातात. दिवा बंद आहे हे कळवणारा माणूस सेवा मागत असतो. दिवे कुठे बसवायचे हे ठरवायला त्याला कुणी बोलावलेलं नसतं. हेल्पलाइन गरजेचीच आहे, पण तिचा आकडा सेवेच्या खात्यात धरावा.

लोकांना पुढे आणायचे उपायही दोन्हींसाठी वेगळे आहेत, आणि इथे गल्लत महाग पडते. विचारणेत माणसं येत नसतील तर प्रसिद्धी, सोपी भाषा, सोयीची वेळ हे कामाला येतं, आणि सगळ्यात जास्त कामाला येतं मागच्या वेळी पाठवलेलं उत्तर. एकदा सूचना दिली आणि पुढे काहीच कळलं नाही, तर तो माणूस दुसऱ्यांदा येत नाही. सहभागात मुख्य इंधन म्हणजे हाताला लागणारा निर्णय. माद्रिदने २०१५ साली सुरू केलेल्या डिजिटल व्यासपीठावर कुणालाही प्रस्ताव मांडता येई. हजारो मांडले गेले. मात्र मतदानापर्यंत जायला १६ वर्षांवरच्या रहिवाशांपैकी एक टक्क्याचा पाठिंबा लागे. २०१७ च्या फेब्रुवारीत तो पल्ला गाठून मतदानाला आलेले नागरिकांचे प्रस्ताव होते फक्त दोन. क्लिकचा आकडा बघितला तर जबरदस्त सहभाग. उंबरठा ओलांडलेल्यांचा बघितला तर दोन.

याउलट न्यूयॉर्कमध्ये २०११ साली चार नगरसेवकांनी आपापल्या प्रभागातला भांडवली निधी रहिवाशांच्या मतावर सोपवला. त्यात नागरिकत्व नसलेल्यांनाही मत दिलं गेलं, आणि पुढे वयाची अट ११ वर्षांपर्यंत खाली आणली गेली. निवडणुकीत ज्यांना मतच नाही, त्यांच्यासाठी ही शहराच्या कारभारातली खरी जागा. पॅरिसने २०१४ मध्ये हीच वाट धरली, आणि काही वर्षांतच निधीचा एक भाग गरीब वस्त्यांसाठी राखून ठेवला. नुसतं मतदान ठेवलं तर ज्यांच्याकडे वेळ आणि ओळखीपाळखी आहेत त्यांचेच प्रकल्प जिंकतात, हा धोका ओळखूनच.

कोण येतं या प्रश्नाला सर्वात सरळ भिडणारा उपाय म्हणजे सोडत. मेलबर्न शहराने २०१४ मध्ये दहा वर्षांच्या आर्थिक आराखड्यासाठी ४३ जणांचं मंडळ सोडत पद्धतीने निवडलं. संख्या बघा, ४३. वार्षिक अहवालात ती एखाद्या सभेच्या हजेरीपुढेही केविलवाणी दिसेल. पण या ४३ जणांत शहराच्या लोकसंख्येचा नमुना होता. त्यांना हिशेब उघडून दाखवले गेले, महिनोन्महिने वेळ दिला गेला आणि शिफारशी त्यांनी स्वतः लिहिल्या. शेवटचा अधिकार कौन्सिलचाच राहिला, म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर ही विचारणाच. पण ब्रेंटच्या चारही अटी पाळणारी.

पोर्तु अलेग्रेचं पुढे काय झालं? ठरलेली कामं रखडत गेली, विभागांच्या हाती येणारा पैसा आटला, आणि २०१७ साली ही प्रक्रिया थांबवण्यात आली. सभा मात्र पैसा आटल्यानंतरही काही वर्षं भरत होत्या. हजेरीपट बघणाऱ्याला त्या काळातही सहभाग दिसला असता. फरक कळला असता तो ठरलेली कामं आणि झालेली कामं शेजारी लिहिणाऱ्यालाच.

सूचनांच्या तक्त्यात हेच करता येतं. ‘शेरा’ या रकान्यापुढे आणखी एक आखायचा: ‘मसुद्यातल्या कोणत्या पानावर काय बदललं’. तिथे ‘नोंद घेतली’ लिहिता येत नाही. पान क्रमांक तरी लिहावा लागतो, नाहीतर रकाना कोरा सोडावा लागतो.