शोभेचा ओरेगॅनो (नाशिकच्या शैलोद्यानातील लागवड)

पिझ्झावर भुरभुरतात त्या ओरेगॅनोच्या काही जाती स्वयंपाकापेक्षा बागेसाठी लावल्या जातात. लिनीअसने १७५३ मध्ये नोंदवलेल्या ओरिगॅनम या प्रजातीत सुमारे ४० जाती असून त्या तुळशीच्या कुलातल्या (लॅमिएसी) आहेत. वेणीत माळला जाणारा मरवाही याच प्रजातीतला, म्हणजे मराठी घरांना हे कुटुंब परके नाही. रोपवाटिकांत ‘ओरेगॅनो’ म्हणून पुष्कळदा पानओवा मिळतो. वास जवळचा असला तरी ती प्रजाती वेगळी; विकत घेताना जाड, मांसल पान दिसले तर तो पानओवा समजावा.

शोभेच्या जातींचे सौंदर्य फुलांपेक्षा छदांत (फुलांखालच्या पानासारख्या भागांत) असते. तुर्कस्तान व कॉकेशसकडील ओ. (ओरिगॅनम) रोटुंडिफोलियमला फिकट हिरव्या छदांचे झुबके लोंबतात. त्याचा ग्रीसच्या ओ. स्कॅब्रमशी संकर होऊन ‘केंट ब्यूटी’ हा गुलाबी छटेचा वाण मिळाला. दगडाच्या कडेवरून तो खाली झुकलेला फार देखणा दिसतो. क्रीट बेटावरच्या ओ. डिक्टॅम्नसची पाने पांढुरक्या लवीने मखमली असतात.

या झाडांच्या मायदेशी उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. नाशिकला नेमके उलटे. त्यामुळे इथे उन्हापेक्षा जून ते सप्टेंबरचा पाऊस घातक ठरतो. मुळे कुजतात, जी लव उन्हापासून पान राखते, तीच पावसात पाणी धरून ठेवते. गोदाकाठची काळी माती तर चिकट, पाणी न सोडणारी. म्हणून दीड-दोन फूट उंचवटा करावा : तळाशी विटांचे तुकडे व खडी, वर मुरूम आणि जाड वाळू, माती जेमतेम चौथा हिस्सा. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच, वेगळा चुना नको. बसाल्टचे दगड निम्मे पुरून किंचित तिरके बसवावेत आणि रोपाच्या गळ्याशी खडीचा थर द्यावा. शेणखत भरपूर घातले तर वाढ लुसलुशीत होते, झुबके विरळ येतात.

डिक्टॅम्नस कुंडीतच ठेवावा. पावसाळ्यात तो वळचणीखाली हलवता येतो. मे महिन्यात काळा दगड तापून मुळांना भाजतो, तेव्हा पश्चिमेकडून दुपारची सावली मिळालेली बरी. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कोवळ्या शेंड्यांची कलमे वाळूत लावावीत. त्र्यंबक-इगतपुरीच्या मुसळधार पट्ट्यात मात्र उघड्यावरची लागवड टाळावी.