दात्याच्या रक्तातील क्रिएटिनिन : एका आकड्याची पार्श्वभूमी

मुलाला मूत्रपिंड दिलेल्या आईच्या हाती वर्षभराने रक्ततपासणीचा अहवाल येतो. दानापूर्वी ०.७ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असलेले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, आता १.१ झालेले असते आणि त्यापुढे ‘जास्त’ असा ठळक शेरा असतो. माउली धास्तावते. वास्तविक दोनपैकी एक मूत्रपिंड काढल्यावर गाळणक्षमता निम्मी होते, उरलेले मूत्रपिंड काही आठवड्यांतच जास्तीचा भार उचलू लागते आणि एकूण क्षमता पूर्वीच्या साधारण ६५ ते ७० टक्क्यांवर स्थिरावते. त्यामुळे क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षितच असते. तरीही तो शेरा उमटतो, कारण ज्या मोजपट्टीवर तिचे रक्त मोजले गेले ती दात्यांसाठी बनलेलीच नव्हती.

माक्स याफे यांनी १८८६ मध्ये पाहिले की अल्कलीयुक्त द्रावणात पिवळे पिक्रिक आम्ल क्रिएटिनिनशी मिसळले की नारिंगी-तांबडा रंग येतो. ऑटो फोलिन यांनी १९०४ मध्ये त्या रंगावरून मोजमापाची पद्धत बसवली. अनेक प्रयोगशाळांत आजही हीच अभिक्रिया वापरली जाते. मात्र क्रिएटिनिन स्नायूंतून येते, म्हणून सडपातळ व्यक्तीच्या रक्तात ते मुळातच कमी असते आणि मूत्रपिंड आहे त्याहून चांगले भासते.

बॉस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी शल्यचिकित्सक जोसेफ मरे यांच्या चमूने रोनाल्ड हेरिक यांचे मूत्रपिंड त्यांच्या जुळ्या भावाला बसवले. धडधाकट माणसावर त्याच्या स्वतःच्या लाभाशिवाय शस्त्रक्रिया करावी का, यासाठी त्या चमूने डॉक्टरांबरोबरच धर्मगुरूंचा आणि वकिलांचाही सल्ला घेतला होता. रोनाल्ड पुढे वयाच्या ७९ व्या वर्षापर्यंत जगले. त्याच बॉस्टनमधील बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी मात्र १९८२ मध्ये वेगळीच शंका मांडली. मूत्रपिंडाचा मोठा भाग काढलेल्या उंदरांमध्ये उरलेल्या गाळण्यांवर दाब वाढून त्या हळूहळू निकामी होत होत्या. माणसातही असेच घडते का, हा प्रश्न दात्यांच्या डोक्यावर बराच काळ टांगता राहिला.

दरम्यान क्रिएटिनिनवरून गाळणदर, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळतात तो आकडा, काढण्याची सूत्रे आली. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ चे सूत्र २४९ रुग्णांवर बेतलेले होते. त्यांत जवळपास सगळे पुरुष होते आणि स्त्रियांसाठी सरसकट १५ टक्के वजावट सुचवलेली होती. भारतात मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य आई, पत्नी किंवा बहीण असते, हे ध्यानात घेतले की ही वजावट मला फार बोचते. १९९९ चे, एमडीआरडी नावाच्या अभ्यासातून आलेले सूत्र तर मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांवरूनच काढलेले होते. २००२ मध्ये अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी तीन महिने ६० पेक्षा कमी राहिलेल्या गाळणदराला जुनाट विकार ठरवले आणि त्या व्याख्येत कित्येक निरोगी दाते आपोआप ‘तिसऱ्या टप्प्याचे रुग्ण’ ठरू लागले.

मिनेसोटातील ३,६९८ दात्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांपैकी ११ जणांचीच मूत्रपिंडे निकामी झाली होती. तुलना मात्र सर्वसामान्य जनतेशी होती, आणि दाता तर पारखून घेतलेला असतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील ९६,२१७ दात्यांची तुलना त्यांच्याइतक्याच निरोगी असलेल्या, पण दान न केलेल्या लोकांशी केली गेली. १५ वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३१, तर दान न केलेल्या निरोगी लोकांत सुमारे ४ आढळले. धोका अल्प आहे, पण तो आहे, आणि संमतीच्या कागदावर सही घेण्यापूर्वी दात्याला तो सांगितलाच पाहिजे.

याच सुमारास अमेरिकेत दाते आणि निरोगी सोबती यांचे रक्त शेजारी ठेवून पाहिले गेले. दात्यांत पॅराथायरॉइड संप्रेरक (कॅल्शियमचे नियमन करणारे), युरिक ॲसिड आणि होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढलेले, तर फॉस्फेट किंचित उतरलेले दिसले. ब्रेनर यांच्या उंदरांच्या अगदी उलट, सहाव्या ते छत्तिसाव्या महिन्यांदरम्यान दात्यांचा गाळणदर घसरण्याऐवजी सरासरीने थोडा चढत होता. स्नायूंवर फारसा अवलंबून नसलेला सिस्टॅटिन सी हा रक्तातील प्रथिनाचा दर्शकही आता हाताशी आहे. तरी नेहमीच्या कामासाठी २०१७ ची आंतरराष्ट्रीय दातानिवड मार्गदर्शिका साध्याच गोष्टी सांगते : दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिनवरून गाळणदर आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन. त्या आईचे १.१ वाचताना डॉक्टरांपुढे तिचा दानापूर्वीचा ०.७ चा अहवाल आणि मधल्या तपासण्यांचे आकडे असावे लागतात. म्हणून ते कागद तिच्या फाइलमध्ये जपून ठेवलेले हवेत.