‘ऐकून ऐकून येतं’ हे अर्धंच खरं

सोलापुरात लग्नाची वरात निघाली की बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्याकडे बघून कोणीतरी म्हणतंच, “याला शिक्षण कशाला, ऐकून ऐकून येतं. जॅझवाले तर मनाला येईल ते फुंकतात!” लहानपणापासून हे ऐकतोय. ते खरं नाही.

अमेरिकेतले सॅक्सोफोनवादक युसेफ लतीफ यांचंच बघा. जन्म 1920 चा, वाढले डेट्रॉइटमध्ये. 1949 मध्ये प्रसिद्ध जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदात ते सॅक्सोफोन वाजवत होते. म्हणजे नाव झालेलं होतं. तरीही पुढच्याच वर्षी डेट्रॉइटला परतून ते संगीतरचना आणि बासरी शिकायला बसले. नंतर न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून पदव्या घेतल्या आणि 1975 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट. त्यांनी वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या, नायजेरियात संशोधन केलं, मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात शिकवलं. सुरावटींचा जाडजूड संग्रहही काढला, विद्यार्थ्यांनी रोज घोटण्यासाठी. आपल्याला विशेष वाटावं असं म्हणजे ते सनईही वाजवत. ‘जॅझ’ हा शब्द मात्र त्यांना आपल्या संगीतासाठी मान्य नव्हता.

कान हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण आपला बँडवाला मिरवणुकीआधी सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसणारी बोरूची पातळ पट्टी, म्हणजे रीड, ओठांत धरून भिजवतो, प्रकाशात धरून तिची कड तपासतो, चिरलेली असेल तर बाजूला टाकतो, ते एकदा जवळून बघा. तेही कोणीतरी त्याला शिकवलेलंच असतं.