बुजलेलं तोंड, उघडी वाट

गुदद्वाराजवळ गळू होतं, फुटतं, जखम भरते. काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा ठणका. खोट बहुतेकदा वरच्या जखमेत नसतेच. गुदमार्गाच्या भिंतीतली एखादी बारीक ग्रंथी तुंबून पिकते आणि पू थेट त्वचेपर्यंत बोगदा पाडतो. हाच भगंदर. बाहेरचं तोंड बुजलं तरी आतलं उघडं राहतं. बोगद्याचा एखादा फाटा सुटला, तरी दुखणं उलटतं.

साध्या भगंदराची वाट सर्जनला बोटाने चाचपून, सळई घालून सापडते. आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र जुना वण आणि पुवाची गाठ बोटाला सारखीच लागते. जोराने सारलेली सळई तर नसलेली वाटही पाडते! पूर्वी बाहेरच्या तोंडातून औषध भरून एक्स-रे काढत. तुंबलेल्या फाट्यात ते शिरत नसे, आणि स्नायू दिसत नसत. खरी मेख स्नायूंचीच आहे. शौचावर ताबा ठेवणारी दोन स्नायूंची कडी बोगदा कुठे ओलांडतो, यावर किती कापायचं ते ठरतं. ब्रिटिश सर्जन पार्क्स यांनी 1976 साली सांगितलेले भगंदराचे चार प्रकार याच हिशोबाचे.

एमआरआयची युक्ती मला फार आवडते. चरबीतून येणारा संकेत मुद्दाम दाबून टाकतात. आजूबाजूचं सगळं काळवंडतं आणि पू, सूज तेवढी पांढरी उठून दिसते. शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं औषध दिलं की रक्त पोचणारी भिंत उजळते, मधला पू काळाच राहतो. ती पोकळी रिकामी करायची. जुना वण आधीच्या चित्रातही काळाच असतो, त्यामुळे गफलत टळते. फक्त हे छेद गुदमार्गाच्या तिरक्या दिशेला धरून घ्यावे लागतात. ओटीपोटाचा सरधोपट एमआरआय इथे अपुरा पडतो.

रिपोर्टात ‘6 वाजता आतलं तोंड’ असं वाचून गोंधळू नका. पाठीवर झोपवून पाय वर घेतलेल्या रुग्णाचं ते घड्याळ: 12 पुढे, 6 माकडहाडाकडे.

गुदद्वारातून केलेली सोनोग्राफी आतलं तोंड छान दाखवते, लांबचे फाटे तिला निसटतात. ताप भरून मोठं गळू झालं असेल तर सीटी स्कॅन पटकन होतो.

उलटलेल्या भगंदराच्या 71 रुग्णांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. एमआरआय पाहून केलेल्या शस्त्रक्रियेने पुन्हा उलटण्याचं प्रमाण सुमारे 75 टक्क्यांनी घटू शकतं, असा त्याचा निष्कर्ष. सर्जनला आत जे सापडलं ते चित्राशी जुळलं नाही, तिथेच भगंदर जास्त उलटला होता.